बडोद्यात बसून समुद्राचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्ट्या जमतील तशा विद्यार्थ्यांना घेऊन खंभातच्या आखाताच्या चिखलात उतरते. (शाळेच्या भूगोलात आपण 'खंबायतचे आखात' शिकलो, ते हेच.) लग्नात, हळदीकुंकवात, सुरसागरच्या काठी फिरताना, जिथे तिथे तेच तेच प्रश्न येतात. विद्यार्थ्यांचे वेगळे, त्यांच्या आईवडिलांचे वेगळे, आणि "अहो, तुम्ही ते समुद्राचं काहीतरी करता ना?" म्हणणाऱ्यांचे आणखी वेगळे. तोंडी सांगून थकले, म्हणून ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.

बडोद्याला समुद्रच नाही. मग इथे बसून कसला अभ्यास?

विश्वामित्रीचं पाणी शेवटी कुठे जातं, याचा विचार केलाय कधी? ती पावागडाहून निघते, शहरातून वळसे घेत जाते, पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळते आणि ढाढर आखातात उतरते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्यांच्या बैठकीत गुडघाभर पाणी होतं, त्यांच्या घरातला गाळही बराचसा तिकडेच गेला असणार. शहराच्या दुसऱ्या अंगाला मही आहे. पादरा तालुक्यात मुजपूर-गंभीऱ्यापाशी उभे राहिलात तर ती नदी वाटतच नाही, खाडीच वाटते, कारण भरतीचं पाणी तिथवर येतं.

जंबुसर गाडीने साधारण दीड तासावर, तिथून पुढे कावी-कंबोई. पहाटे चहा घेऊन निघालेला माणूस दुपारी जेवायला घरी येऊ शकतो. पुण्यामुंबईच्या नातेवाईकांना हे सांगितलं की ते हसतात, पण पुण्याहून कोणताही किनारा याहून लांब आहे.

पूर्वी बडोदे संस्थानाला समुद्र होता, हे खरं का?

होता, आणि तुकड्या-तुकड्यांत होता. द्वारका आणि बेट द्वारका असलेलं ओखामंडळ गायकवाडांचं, सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कोडिनार गायकवाडांचं, आणि नवसारी प्रांतामुळे बिलीमोऱ्याचं बंदरही. ओखा बंदर १९२६ साली सुरू झालं ते सयाजीराव महाराजांच्या काळात. मिठापूरचा रसायनांचा कारखाना १९३९ चा. ती जागाही तेव्हा संस्थानातच होती.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळी आहे. संस्थानाने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करून घेतली आणि तिचा अहवाल दोन भागांत छापला, पहिला १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये. सरकारला हवी होती मोत्यांच्या शिंपल्यांची माहिती, उत्पन्नासाठी. हॉर्नेलने शिंपले तर पाहिलेच, शिवाय प्रवाळ, स्पंज, खेकडे, जे दिसलं ते नोंदवलं. आज कच्छच्या आखातातली एखादी जात शंभर वर्षांपूर्वी होती का, हे पडताळायला लोक हाच अहवाल उघडतात. म्हणजे या शहराने सागरी संशोधनाला पैसे दिले त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. आता कुणी "बडोद्याचा आणि समुद्राचा काय संबंध" म्हणालं की मी हॉर्नेलचं नाव घेते आणि विषय संपवते.

गुजरातचा किनारा नक्की किती लांब? पुस्तकात १,६००, कुठे १,२१४, कुठे २,३४० किलोमीटर. खरं कोणतं?

आकडे मोजपट्टीवर अवलंबून आहेत. अख्ख्या देशाचा किनारा अनेक वर्षं ७,५१६ किलोमीटर धरला जात होता. अलीकडच्या फेरमोजणीत तो ११,०९८ किलोमीटर निघाला आणि त्यात गुजरात १,२१४ वरून २,३४० वर गेला. जमीन वाढली नाही. पूर्वीचा नकाशा ठोकळ होता, नवा १:२,५०,००० प्रमाणाचा आहे, म्हणून खाड्यांची वळणं आणि बेटांच्या कडा हिशेबात आल्या. वाड्याचं कुंपण दोरीने मोजा आणि मग मुंगीला चालायला लावून मोजा, तसं हे. प्रबंधात आकडा लिहिताना कोणत्या मोजणीतला ते सोबत लिहा. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

खंभातच्या आखातात भरती इतकी मोठी का?

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. भावनगरला दहा मीटर आणि त्याहूनही वर जातं, म्हणजे तीन मजली घर बुडेल इतकं. कारण आखाताचा आकार. दक्षिणेला रुंद, उत्तरेला चिंचोळं, आणि तळ उथळ. आत शिरलेल्या पाण्याला बाजूला सरकायला जागा नाही, खाली जायला खोली नाही, म्हणून ते वर चढतं. त्यात आखाताची लांबी-खोली अशी की भरतीच्या लाटेला तिची लय सापडते. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही जसा उंच नेतो, तसं.

या एका गोष्टीने इथलं बाकी सगळं ठरवलं आहे. अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात ती याच भरतीच्या जोरावर: उधाणाला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवायचं, पाणी ओसरलं की ते आपोआप कोरडं. घोघा-दहेज फेरी २०१७ मध्ये वाजतगाजत सुरू झाली, आणि दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचून पाणी पुरेना, म्हणून २०२० मध्ये ती हजीऱ्याला न्यावी लागली. खुद्द खंभात एके काळी जगातल्या व्यापाऱ्यांचं बंदर होतं आणि गाळानेच ते मागे पडलं. कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. भाविकांना तो चमत्कार आणि आम्हाला भरतीमापक. दोन्ही एकाच जागी सुखाने नांदतात, माझं त्यावर काही म्हणणं नाही.

कोकणातली आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. ते गणित इथे चालेल का?

नाही. आणि हा प्रश्न जीवावर बेतू शकतो, म्हणून नीट वाचा.

आजीचं गणित सुंदर आहे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. मुंबईपासून खाली कोकणात हे बऱ्यापैकी जुळतं. पण भरतीची लाट आखातात दक्षिणेकडून शिरते आणि वरच्या टोकाशी पोचायला तिला काही तास लागतात. त्यामुळे रत्नागिरीच्या हिशेबाने "आता ओहोटी" म्हणून तुम्ही कंबोईच्या चिखलात उतरलात, तर पाणी तुमच्याकडेच निघालेलं असेल.

गणितातला एक भाग मात्र इथेही लागू पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप वर येतं आणि खूप मागेही जातं, भांगाला दोन्हीकडे कमी. इथले मच्छीमार उधाणाला जुवाळ म्हणतात, आणि भांगाला ते भांगच म्हणतात, आपल्यासारखं. रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. छापील भरती-कोष्टक बघा, कंबोईला देवळात वेळापत्रक मिळतं तेही बघा, आणि शेवटी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. हाच क्रम उलटा केलात तरी चालेल.

पहिल्यांदा चिखलात उतरायचंय. काय घ्यावं?

गमबूट नकोत. बूट चिखलात रुतून बसतो आणि पाय एकटाच वर येतो. अनवाणी किंवा घट्ट बांधलेले कापडी बूट. काठी हवी, तीही लांब. पाणी घरून न्या, कारण तिथलं पाणी बरेचदा मचूळ असतं. कपडे असे घाला की गेले तरी वाईट वाटणार नाही. हा चिखल धुतला जात नाही, तो कापडाचा रंग होऊन राहतो.

कमरेपर्यंत रुतलात तर धडपडू नका. मागे रेला, वजन पसरा, एकेक पाय हळू सोडवा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका फेब्रुवारीत नमुना घेण्याच्या नादात मी ठरलेल्या वाटेपासून दहा पावलं बाजूला गेले आणि मांडीपर्यंत आत. फोन गेला, वही गेली, तीन तासांचं काम गेलं. काठावरून एक बाई "पाणी आव्युं, पाणी आव्युं" ओरडत होत्या आणि त्यांचा मुलगा एक फळी सरकवत माझ्यापर्यंत आला. नंतर त्या मावशींनी चहा दिला आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आमचा नियम असा: स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, काम दोन तासांचं असलं तरी.

उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. घरबसल्या किनारा किती खचला ते काढता येईल ना?

येईल, आणि निम्मे प्रकल्प इथेच फसतात.

लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत, सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची, दहा मीटर बारकाव्याची. दोन्ही फुकट. मुलं १९९० चं एक चित्र घेतात, २०२० चं एक घेतात, पाण्याची कड आखतात, आणि "तीस वर्षांत किनारा दोन किलोमीटर मागे गेला" असा निष्कर्ष घेऊन येतात. मी एकच विचारते: दोन्ही वेळी भरती होती की ओहोटी?

उपग्रह येतो सूर्याच्या घड्याळाने, जेव्हा येतो तेव्हा त्याच सुमाराला, सकाळी साडेदहा-अकराला. पाणी येतं चंद्राच्या घड्याळाने. जिथे पाणी दहा मीटर चढतं-उतरतं आणि चिखलाचा उतार जवळजवळ सपाट आहे, तिथे पाण्याची कड एकाच दिवसात किलोमीटरभर मागेपुढे होते. मग तुम्ही मोजलेली धूप तीस वर्षांची की सहा तासांची?

उपाय आहेत. दोन्ही तारखांची भरतीची पातळी कोष्टकातून काढा आणि जुळणारी चित्रंच घ्या. किंवा पाण्याची कड सोडून द्या आणि झाडोऱ्याची कड धरा, कारण तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, सहा तासांत चालत नाहीत. किंवा एका हंगामातली पुष्कळ चित्रं एकत्र करून सरासरी काढा. त्यानंतर एकदा तरी जागेवर जा. खचलेला किनारा डोळ्यांनी ओळखता येतो: ताजा उभा कापलेला काठ, उघडी पडलेली मुळं, अर्धा लोंबकळणारा बांध. राष्ट्रीय पातळीवर १९९० ते २०१८ च्या चित्रांवरून झालेल्या पाहणीत देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा खचताना दिसला. तेवढं मोठं काम तुम्हाला करायचं नाही. सात-आठ किलोमीटर घ्या, पण चोख करा.

तिवरांची लाखो रोपं लावली म्हणतात. म्हणजे किनारा वाचला ना?

तिवर म्हणजे इथला चेर. गुजरातमध्ये कांदळवन वाढलं आहे, हे खरं. १९८७ च्या वनसर्वेक्षण अहवालात ४२७ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात १,१७५. पश्चिम बंगालच्या खालोखाल दुसरा क्रमांक. २०२३ च्या अहवालात किंचित घट आहे, १,१६४.

पण तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. किती लावली, हा आकडा नको, तीन वर्षांनी जिवंत किती, तो हवा. कोणती लावली? इथे बहुतेक सगळीकडे एकाच जातीचं तिवर आहे, कोकणच्या खाडीत दिसते तशी जातींची सरमिसळ इथे नाही. आणि तिसरा, जो कुणी विचारत नाही: लावण्याआधी त्या जागी काय होतं? उघडा चिखल म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथे निवटी (चिखलात राहणारे छोटे मासे) राहतात, स्थलांतर करून आलेले पाणपक्षी तिथेच खातात, आणि माणसं तिथून पोटाला काही आणतात. नर्मदेच्या मुखाशी अलियाबेटावर फकिराणी जत कुटुंबं उंट पाळतात. त्यांचा खाराई उंट पोहत जाऊन चेर खातो, आणि २०१५ पासून त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. रोपवनाला कुंपण घातलं की त्या उंटाने काय खायचं, हा वनस्पतीशास्त्राचा प्रश्न आहे की समाजशास्त्राचा? मला विचाराल तर या दोन विषयांच्या मधल्या भिंतीमुळेच तो कुणी हाती घेत नाही.

बडोद्याच्या कारखान्यांचं पाणी समुद्रात जातं का?

जातं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. कोयली-नंदेसरी भागातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहून नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून आहे. तो पादरा, जंबुसरकडून जातो आणि सारोदजवळ महीच्या मुखात सोडतो. कल्पना अशी की तिथली दणदणीत भरती-ओहोटी पाणी लवकर पांगवेल.

पांगवते का, हा संशोधनाचा चांगला विषय आहे, फक्त घाईने आरोप करायला जाऊ नका. भरतीच्या पाण्यासोबत सोडलेली वस्तू पुन्हा आतही येते. जड धातू पाण्यात थोडे आणि बारीक गाळाला चिकटलेले जास्त सापडतात, त्यामुळे नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरून उपयोग नाही, गाळ घ्या. एकाच जागेचे नमुने उधाणाला आणि भांगाला, पावसाआधी आणि पावसानंतर घ्या. आणि तुलनेसाठी कालव्यापासून लांबची जागा घ्या, नाहीतर सापडलेला धातू कारखान्याचा की दख्खनच्या काळ्या दगडातून नदीने आणलेला, हे कळणारच नाही. आपल्या शहराच्या दारातून सुरू होणारा आणि समुद्रात संपणारा हा प्रश्न आहे. परदेशी विद्यापीठाला तो सापडण्याआधी आपण करावा, एवढंच.

मच्छीमारांशी बोलायचंय. प्रश्नावली मराठीत चालेल का?

नाही हो. आपण तीन-चार पिढ्या बडोद्यात काढल्या, घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलतो, पण आपली गुजराती शहरातल्या दांडिया बाजारची. किनाऱ्यावरचे शब्द वेगळे. आपली निवटी म्हणजे तिथला लेवटा. बोंबील म्हणजे बुमला. पायी फिरून मासे धरणारे ते पगडिया. दोन दिवस नुसते बसा, ऐका, शब्द टिपा, मग प्रश्नावली लिहा.

प्रश्नावलीबद्दल माझीच फजिती सांगते. आमच्या पहिल्या कागदावर "मासिक उत्पन्न किती" असा रकाना होता. एका काकांनी शांतपणे विचारलं, "कया महिनानी?" (कोणत्या महिन्याचं?) आम्ही गप्प. त्यांचं काम महिन्याने चालतच नाही. जुवाळात जाळं वेगळं आणि मिळकत वेगळी, भांगात वेगळी. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना बंदी. पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै असते, गुजरातमध्ये अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत. मग काही जण मिठागरात, काही शेतमजुरीला, काही कारखान्यात रोजावर. त्यांना वर्षाचा आकडा विचारून बाराने भागलं की जो आकडा येतो तो कोणत्याही महिन्यात खरा नसतो. नंतर आम्ही "गेल्या जुवाळात किती, गेल्या भांगात किती" असं विचारायला लागलो आणि उत्तरं भराभर आली.

आणखी काही गोष्टी. संमती आधी घ्या, सोप्या गुजरातीत समजावून, आणि "नाही" म्हणायची मोकळीक द्या. विद्यापीठाच्या नीतिसमितीचा कागद हवाच, पण तो कागद तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. बायकांशी वेगळं बोला: मासे निवडणं, सुकवणं, विकणं त्या करतात आणि घरच्या पुरुषाला विचारलं तर "ती काही करत नाही, घरीच असते" असं उत्तर मिळतं. मासे कुठे मिळतात ती नेमकी जागा नकाशावर छापू नका, ते त्यांचं भांडवल आहे. "सरकारकडून मदत मिळेल का" असं विचारतील, तेव्हा मिळेल असं चुकूनही म्हणू नका. आणि काम झालं की परत जा, काय सापडलं ते सांगायला. आमच्याआधी येऊन गेलेल्या कित्येक गटांतलं कुणी परत आलं नाही, हे तिथे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. आमच्याही पहिल्या दोन वर्षांबद्दल तेच म्हणत असतील, आणि ते खरं आहे.

पाला मासा नर्मदेत पूर्वीसारखा का मिळत नाही?

पाला म्हणजे हिलसा. बंगाल्यांचा जीव की प्राण, भरूचकडे चाक्षी. तो राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात गोड्या पाण्याची चाहूल लागली की अंडी घालायला नदीत वर चढतो. धरणांमुळे मुखाशी येणारं गोडं पाणी कमी झालं तर त्याला ती चाहूलच लागत नाही. सरदार सरोवराच्या खाली नेमकं हेच झाल्याचं भरूचचे मच्छीमार सांगतात. समुद्राचं खारं पाणी नदीत आतवर आलं, विहिरी मचूळ झाल्या. त्यावर उपाय म्हणून भाडभूतला नदीवर दरवाजांचा बंधारा बांधणं सुरू आहे: खारं पाणी बाहेर, गोडं आत. शेताला आणि पिण्याला ते सोयीचं. पण माशाची वाट आणि होडीची वाट दोन्ही त्याच दरवाजांतून जाणार. बंधारा बांधायच्या आधीची आणि नंतरची नोंद एकाच पद्धतीने ठेवणं हे काम आत्ता, याच वर्षांत करायचं आहे. बांधून झाल्यावर 'आधी' परत मिळत नाही.

आखातात बुडालेलं साडेनऊ हजार वर्षांचं शहर सापडलं, ते खरं का?

व्हॉट्सॲपवर दर श्रावणात येतं. मूळ गोष्ट अशी. २००१ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने आखाताच्या तळाची ध्वनिलहरींनी पाहणी केली, त्यात चौकोनी आकार दिसले, तळ खरवडून काही वस्तू वर काढल्या, आणि त्यातल्या एका लाकडाच्या तुकड्याचं वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघालं. केंद्रीय मंत्र्यांनी जाहीरही केलं.

अडचण कुठे? लाकूड जुनं आहे म्हणजे शहर जुनं असं होत नाही. हे उत्खनन नव्हतं, खरवडून काढलेलं होतं, त्यामुळे कोणती वस्तू कोणत्या थरातली ते कळत नाही. आणि ज्या आखातात प्रवाह एवढे जोरकस, तिथे नद्यांनी वरून आणलेला माल तळाशी गोळा होणारच. पुरातत्त्वातल्या बहुतेकांनी दावा स्वीकारला नाही. एवढं मात्र खरं, की सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि आज आखात आहे तिथे कोरडी जमीन होती. तिथे माणसं फिरली असतील यात नवल नाही. पण माणसं असणं आणि शहर असणं यात फार अंतर आहे.

समुद्र वर-खाली झाल्याचा खरा पुरावा बघायचा असेल तर महीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, जा. विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाने, प्रा. एस. एस. मेढ यांच्या पिढीपासून, गुजरातच्या किनाऱ्यावर आणि या नद्यांच्या काठांवर अनेक वर्षं काम केलं आहे. रायक्याच्या उंच कड्यांत नदीने एकावर एक रचलेले थर दिसतात. आणखी खाली, मुखाकडे, भरतीच्या चिखलाचे जुने थर आज पाण्याच्या वर उघडे पडले आहेत. त्यातल्या सूक्ष्म कवचांवरून पाणी खारं होतं की गोडं, ते ओळखतात. बुडालेल्या शहराएवढी गंमत त्यात नाही, पण स्वतःच्या हाताने दाखवता येतं.

कल्पसरचं काय झालं?

आखातावर भिंत घालून आत गोड्या पाण्याचं सरोवर करायची कल्पना. ती मांडणारे डॉ. अनिल काणे आपल्याच विद्यापीठाचे माजी कुलगुरू, त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांत या विषयावर मतं फार ठाम असतात, बाजूची आणि विरोधातलीही. १९८० च्या दशकापासून अभ्यासांवर अभ्यास चालू आहेत. भिंत नाही. गाळ कुठे जाईल, हा माझा प्रश्न कायम आहे.

परवानग्या कुठल्या लागतात?

साध्या गावकिनाऱ्यावर पाणी-गाळाचे थोडे नमुने घ्यायला ग्रामपंचायतीला सांगून आणि विभागाचं पत्र खिशात ठेवून काम होतं. वनखात्याच्या जमिनीवर, म्हणजे बऱ्याच कांदळवनांत, त्यांची लेखी परवानगी. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं आणि देशातलं पहिलं, तिथे परवानगीशिवाय शिंपलाही उचलू नका. संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, आणि मेलेला प्राणी मिळाला तरी लागतो. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर २००२ चा जैवविविधता कायदा. अर्ज तीन-चार महिने आधी करा. बाकी चौकटी विभागातला कारकून तुमच्यापेक्षा चांगल्या जाणतो, त्याच्याशी गोड बोला.

सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) म्हणजे किनाऱ्यापासून ५०० मीटर, एवढंच ना?

समुद्रासमोर हो, भरतीरेषेपासून ५०० मीटर. पण खाडी आणि नदीच्या काठाला २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. नदीत कुठपर्यंत हा नियम चालतो? वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत जिथवर पाण्याची क्षारता हजारात पाच भाग भरते, तिथपर्यंत. म्हणजे वरून नदीला कमी पाणी सोडलं की खारं पाणी आत येतं आणि कायद्याची हद्दही आत सरकते. हातात मावणारं क्षारतामापक घेऊन मे महिन्यात मही वर चढत जाणं हा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी स्वस्त आणि मस्त प्रकल्प आहे. अजून कुणी घेतला नाही, ऊन्हामुळे असावं.

मुलीला यात पुढे काय मिळेल? (हा प्रश्न नेहमी वडील विचारतात.)

नेटची परीक्षा निघाली आणि जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. पुढे गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, भावनगरची मीठ आणि सागरी रसायनांची प्रयोगशाळा, अहमदाबादचं अंतराळ उपयोग केंद्र, भूजची वाळवंट-परिसंस्थेवर काम करणारी संस्था, चेन्नईची किनारा संशोधन केंद्रं. खासगीत पर्यावरण-परिणाम अहवाल लिहिणाऱ्या कंपन्या, तिथे पगार बरा आणि मनाची घालमेल जास्त. नकाशे करता आले तर उपाशी कुणी राहत नाही. गडगंजही होत नाही. आधीच्या लोकांनी काय केलंय ते बघायला तिला शोधगंगेवर बसवा, देशभरचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. वाचून कंटाळली नाही तर समजा, जमेल.

निवटी खरंच खातात? चव कशी?

खातात. हळद-तिखट लावून तव्यावर. आमच्या घरी सासूबाईंनी एकदा नाक मुरडलं आणि मग तीन खाल्ल्या.

तुमच्याबरोबर एकदा यायचंय. कधी?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमी-नवमीच्या आसपासचा रविवार. वेळ मी आदल्या दिवशी कळवते, कारण ती माझ्या हातात नाही. पहाटे चारला निघावं लागलं तर कुरकुर चालणार नाही. पोहता यायलाच हवं असं नाही, पण सांगितलं की लगेच मागे फिरता यायला हवं. येताना जंबुसरला थांबून गरम गाठिया खातो, तेवढे सुटे पैसे आणा.